२-७×३२ स्कोप गेले कुठे? कुळागरातल्या पंचवीस मीटरसाठी छोटा स्कोप शोधतोय

कुळागरवाला | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी धारबांदोड्याचा. घरचं कुळागर आहे. पोफळी, माड, मिरी, थोडी जायफळं. घरामागच्या पाटापलीकडे मातीचा उंच बांध आहे. त्याच्यापुढे लाकडी पेटीत जुन्या चिंध्या ठासून मी त्यावर कागदाचं लक्ष्य लावतो. अंतर १२ मीटरपासून ३५ मीटरपर्यंत मिळतं, त्यापुढे पोफळी आड येतात. बंदूक छऱ्याची, पॉइंट वन सेव्हन सेव्हन (.१७७ इंची), नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली. संध्याकाळी शिंपणं आटोपलं की अर्धा तास मी आणि माझी मुलगी कागदावर नेम धरतो. त्या अर्ध्या तासाची आम्ही दोघंही दिवसभर वाट बघतो.

अकरा वर्षं या बंदुकीवर एकच स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, होता. २-७×३२ (दोन ते सात पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं), एक इंची नळीचा, जपानी बनावटीचा. लांबीला जेमतेम वीतभर आणि थोडा जास्त. बहुतेक वेळ तो ४ वर असायचा. कुळागरात दुपारी चारलाच सावली दाटते, तरी चित्र लख्ख दिसायचं. यंदा मृगाच्या आधी तेलपाणी करायला बंदूक काढली, स्कोप उजेडाकडे धरला, तर पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला कोळिष्टकासारखी जाळी. बुरशी.

नवा घ्यावा म्हणून पणजी, मडगाव आणि बेळगाव फिरलो. सगळीकडे ३-९×४०, ४-१६×५० आणि ६-२४×५०. "२-७ आता कोण घेतो, मोठा घ्या, लांबचं दिसतं" हे वाक्य तिन्ही गावांत ऐकलं. मला लांबचं बघायचंच नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे २-७ दिसला, पैसे भरले, आला ३-९. परत करण्यात तीन आठवडे गेले. बाकी ठिकाणी फोटो आहेत, खाली "उपलब्ध नाही".

माझे दोन प्रश्न. छोटे, मधल्या ताकदीचे स्कोप खरंच बंद होत चाललेत, की आपल्याकडेच पोचत नाहीत? आणि बुरशी लागलेला माझा स्कोप वाचेल का?

पोफळीखाली | १४ जून, रात्री १०:१५

हाच प्रश्न मला दोन वर्षं पडलाय. इथेच बसतो.

म्हापशेंकार | १४ जून, रात्री ११:५२

कुळागरवाले बाब, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मूळ दुखणं आपल्याकडचं नाही, तिकडचं आहे. मी पंधरा-सोळा वर्षं याद्या बघत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एकेकाळी प्रत्येक कंपनीच्या यादीत तीन पायऱ्या असायच्या. खाली १.५-५×२० किंवा ३२, मध्ये २-७×३२ किंवा ३३, वर ३-९×४०. मधली पायरी हलक्या रायफलींसाठी आणि पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफलींसाठी. ल्यूपोल्डचा व्हारी-एक्स टू २-७×३३ तिकडे घरोघरी असायचा. बर्रिसच्या फुलफील्ड टूमध्ये २-७×३५ होता. पुढे त्यांनी फुलफील्ड फोर आणली, तिची सुरुवातच २.५-१०×४२ पासून. म्हणजे मधली पायरी कुणी "बंद केली" असं जाहीर करत नाही. मालिका नवी येते आणि तिच्यात ती नसते.

मग कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा फेरा. मीड ही आकाशदर्शनाच्या दुर्बिणी करणारी अमेरिकन कंपनी. तिच्याकडे सिमन्स, वीव्हर आणि रेडफील्ड ही रायफल स्कोपची तीन जुनी नावं होती. २००८ मध्ये तिने तिन्ही विकली आणि ती तीन वेगळ्या घरी गेली. सिमन्स बुशनेलकडे, वीव्हर एटीकेकडे, रेडफील्ड ल्यूपोल्डकडे. ल्यूपोल्डने २०१० मध्ये रेडफील्ड रेव्होल्युशन बाजारात आणला, त्यात २-७×३३ होता आणि त्या किमतीत फार चांगला होता. तोही पुढे बंद झाला. २०१९ संपता संपता निकॉनने रायफल स्कोपचा धंदाच सोडला. निकॉनचा प्रोस्टाफ २-७×३२ हा आपल्यासारख्यांना परवडणारा आणि स्वच्छ काचेचा स्कोप होता. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान ते. पाच-सहा वर्षं उलटली तरी ती जागा तशीच रिकामी आहे.

आता जागा खाल्ली कुणी? खालून खाल्ली १-६×२४ आणि १-८×२४ वाल्यांनी. एकपट म्हणजे डोळ्याला दिसतं तसंच, आणि हवं तेव्हा सहापट-आठपट. सैन्यांना ते हवं होतं. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये नव्या रायफलीसाठी व्हॉर्टेक्सचा जो स्कोप निवडला तोही १-८×३० आहे. सैन्य जे लावतं ते तिकडचा हौशी नेमबाज मागतो. वरून खाल्ली लांब पल्ल्याच्या स्पर्धांनी. तिथे हजार यार्डांची भाषा, ३० आणि ३४ मिलिमीटरच्या नळ्या, ५-२५×५६. दोन्ही बाजूंनी ओढल्यावर मधलं फाटतं.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त खरं वाटतं. पूर्वी झूम तीनपट-साडेतीनपटच असायचा. २ चे ७, ३ चे ९. आता पाचपट, सहापट, आठपट करता येतो. मग विकणारा म्हणतो, २-१० मिळत असताना २-७ कशाला. पेटीवरचा आकडा मोठा असला की माल उचलला जातो. पण पाचपट झूमला आत जास्त भिंगं लागतात, नळी जाड होते आणि वजन वाढतं. तेही स्वस्तात करायला गेलं की काच मार खाते. बऱ्याच नामवंत ब्रँडांचे स्वतःचे कारखाने नाहीत. माल जपान, फिलिपिन्स आणि चीनमधून करून घेतात. कारखाना ठरावीक संख्येखाली घाणा लावत नाही. जो आकार कमी विकतो त्याचा पुढचा घाणा लागत नाही, एवढंच.

पूर्ण संपलेत असं नाही. ल्यूपोल्डने व्हीएक्स-३एचडीमध्ये २.५-८×३६ ठेवला, पण ती किंमत आपल्या छऱ्याच्या बंदुकीच्या कितीतरी पट. व्हॉर्टेक्सने क्रॉसफायर टूमध्ये रिमफायरसाठी (पॉइंट टू टूसारख्या छोट्या काडतुसाच्या रायफलींसाठी) २-७×३२ केला. ब्रिटिश हॉकने खास हवेच्या बंदुकीसाठी २-७×३२ एओ (पुढच्या रिंगवर फोकस जुळवता येणारा) केला, तो तुमच्या कामाला सगळ्यात जवळचा. आपला दुकानदार तो आणून ठेवत नाही, कारण त्याच्याकडे कुणी मागत नाही. कुणी मागत नाही, कारण दुकानात तो दिसतच नाही.

सावर्डेचो | १५ जून, सकाळी ७:३०

म्हापशेंकार बाब, छान लिहिलंत. पण ३-९×४० एओ सहज मिळतो, पुढच्या रिंगवर १० मीटरपासून फोकस होतो. त्याने काय अडतं? माझ्या बंदुकीवर तोच आहे, तक्रार नाही.

कुळागरवाला | १५ जून, सकाळी ८:०५

अडत नाही, हे मान्य. दुसरं काहीच मिळालं नाही तर तोच घेईन. पण तुमची बंदूक गॅसवाली, म्हणजे पिस्टन नसलेली, भरलेल्या गॅसच्या दाबावर चालणारी आहे का स्प्रिंगवाली? माझ्या शेजाऱ्याने स्प्रिंगवालीवर ४-१६×५० चढवला. वर्षभरात रेटिकल (आतली नेमाची फुली) आडवं फिरलं, आणि माउंट (स्कोप बंदुकीला धरणारी पकड) मागे सरकत सरकत खाचेच्या टोकाला आला. मुलगी चौदा वर्षांची आहे. शेजाऱ्याची बंदूक तिने एकदा खांद्याला लावली आणि खाली ठेवली. म्हणाली, बाबा, हिचं तोंड जड आहे.

भिंगवाली | १५ जून, दुपारी १:२०

मडगावात कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करते. नेम मला धरता येत नाही, पण भिंगांचं सांगू शकते.

आधी वजनाचं. स्प्रिंगवाली बंदूक दोनदा हिसका देते. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला पोचून थांबतो तेव्हा ती पुढे झटकते. रायफलीचा स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो. हा उलटा झटका आतल्या भिंगांची बैठक सैल करतो. स्कोप जितका जड तितका त्या झटक्यात त्याचा स्वतःचा भार जास्त. २-७×३३ चा चांगला स्कोप साधारण ३०० ग्रॅमचा असतो, ५० मिलिमीटरवाले सहज त्याच्या दुप्पट भरतात. तुमचा अकरा वर्षं टिकला यात जपानी कारागिरीइतकाच त्याच्या हलकेपणाचा वाटा आहे.

आता उजेड. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटर. तुमची बाहुली सावलीत कितीही उघडली तरी तेवढी उघडत नाही, म्हणून चित्र लख्ख वाटतं आणि डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी काळं होत नाही. ३२ भागिले ७ म्हणजे साडेचार, तेही छान. ५० चा मोठा डोळा २४ पटीवर नेला की उरतात २ मिलिमीटर. कुळागरात पावसाळ्याच्या संध्याकाळी ते अंधारंच.

पॅरालॅक्स मात्र लोक फार गोंधळून समजतात. स्कोप एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेला असतो. त्याहून जवळ किंवा लांब बघितलं आणि डोळा मधोमध नसला, की रेटिकल लक्ष्यावरून सरकलेलं दिसतं. जास्तीत जास्त चूक किती? भिंगाच्या व्यासाचा अर्धा, गुणिले दोन अंतरांमधला फरक, भागिले जुळवलेलं अंतर. रायफलीचा स्कोप १०० यार्डांवर म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला असतो. ५० चं भिंग घेऊन २५ मीटरवर नेम धरलात तर चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. रिमफायरचा ३२ वाला ४५ मीटरवर जुळवलेला असतो, त्याची २५ मीटरवरची चूक ७ मिलिमीटर. भिंग लहान असणं हाच इथे फायदा. खालून आलेल्या १-६×२४ वाल्यांची चूकही या हिशेबाने ९ मिलिमीटरच्या आतच राहते, म्हणून त्यांना त्या बाबतीत नावं ठेवू नयेत. त्यांची अडचण वजनाची. आणि सहापटीवर ठेवून पंधरा मीटरवर बघाल तर चित्र पुसट दिसेल.

सहा_चोवीस | १५ जून, रात्री ९:०२

मोठ्या स्कोपवाल्यांची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. मी वास्कोचा, फील्ड टार्गेटची तयारी करतो. हा खेळ इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास सुरू झाला. लक्ष्य ८ ते ५५ यार्डांवर कुठेही असतं आणि अंतर सांगत नाहीत. मोठ्या पटीवर फोकसचं चाक फिरवायचं, चित्र जिथे तीक्ष्ण होतं तो आकडा म्हणजे अंतर. हे २-७ ने होणारच नाही. पेटीवरच्या आकड्याला भुलून मी ६-२४ घेतलेला नाही, माझ्या खेळाची ती गरज आहे.

म्हापशेंकार | १५ जून, रात्री ९:३५

अगदी बरोबर बोललात. तुमच्या हातात तो शोभतो. पण त्याच खेळाचं भावंड आहे एचएफटी, म्हणजे हंटर फील्ड टार्गेट. त्यात अंतर ८ ते ४५ यार्ड, आणि फेरी सुरू झाली की पट, फोकस, टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या चकत्या), कशालाच हात लावायचा नाही. तिथले लोक मुद्दाम कमी पटीवर राहतात, जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसावं म्हणून. कुळागरवाल्यांचं काम एचएफटीच्या जवळचं आहे. आजचा बाजार दोघांनाही एकच पेटी विकतो, माझं दुःख तेवढंच.

सहा_चोवीस | १५ जून, रात्री ९:४१

हे मान्य. एचएफटीच्या लोकांकडून छोट्या स्कोपची चौकशी मीही ऐकतो.

पीपवाला | १६ जून, सकाळी ६:५०

कुळागरवाले, एक वेगळा रस्ता सुचवतो. स्कोपच कशाला? १० मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, मागे पीप (बारीक भोकाची चकती) आणि पुढे गोल कडी. आपल्या देशात नेमबाजी संघटित झाली ती १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनमुळे, आणि ती उभी करणारे होते ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. आजही मुलं त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून पुढे येतात. मुलगी चौदाची म्हणता, तर तिला पीपवर शिकवा. श्वास, खांदा, घोड्यावरचं बोट, सगळं उघडं पडतं. स्कोप चुका झाकत नाही, पण लक्ष चित्राकडे नेतो. बॅटरी नाही, काच नाही, बुरशी नाही.

कुळागरवाला | १६ जून, सकाळी ९:१५

पीपवाले, मनापासून आवडलं. तिच्यासाठी पीप नक्की लावून बघतो. माझी नजर मात्र आता पन्नाशीची आहे. पुढची कडी आणि कागद एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. स्कोपने मला हा छंद परत दिला, म्हणून त्याच्यावर जीव आहे.

सत्तरीचो_पूत | १६ जून, रात्री ८:२०

आम्हां परवानावाल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्याकडे वडिलोपार्जित पॉइंट टू टू आहे, शेतीरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. २०२२ ची विधानसभा झाली, २०२४ ची लोकसभा झाली, मध्ये पंचायत. पहिल्यांदा स्कोपसकट दिली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा टरेटची टोपी हरवलेली आणि झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, कुठल्या कुठे. तेव्हापासून स्कोप धरणाऱ्या, झटपट सुटणाऱ्या रिंगा लावल्या. जमा करायच्या आधी स्कोप काढून घरच्या डब्यात, रायफल ठाण्यात. परत लावला की दहा गोळ्यांत झीरो जागेवर. हे छोट्या स्कोपने सोपं जातं, डब्यात मावतो. माझा १.५-५×३२ आहे. तोही आता कुठे दिसत नाही.

माकडं आमच्या नारळावर बसतात तेव्हा आम्ही बार काढतो तो आवाजाचाच. पण रानडुक्कर रात्री येतो तेव्हा काय करायचं, यावरही कुणीतरी बोला.

व्यवस्थापन | १६ जून, रात्री ८:४५

सत्तरीचो_पूत, तुमचा त्रास खरा आहे आणि शेतकऱ्यांचं नुकसानही खरं आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि या संकेतस्थळावर प्राण्यावर नेम धरण्याबद्दलची चर्चा ठेवली जात नाही. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज आणि नुकसानभरपाई हा वेगळा धागा आहे, तिथे लिहा. नव्या वाचकांसाठी आणखी एक. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या नळीच्या किंवा जोराच्या बंदुकीला लागतो. ऑनलाइन घेताना हे बघून घ्या.

सत्तरीचो_पूत | १६ जून, रात्री ८:५८

समजलं. तिकडे लिहितो.

पोफळीखाली | १७ जून, दुपारी ३:१०

भिंगवाली ताई, बुरशीबद्दल सांगा ना. माझ्याही स्कोपात एक ठिपका दिसतोय.

भिंगवाली | १७ जून, रात्री १०:३०

सांगते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातली हवा ओलीच असते. बुरशीला लागतो ओलावा, अंधार आणि थोडी धूळ किंवा हाताचं तेल. बंदुकीची चामडी किंवा फोमची पेटी तिला हे सगळं एकत्र देते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ दुर्बिणी पेटीत "जपून" ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात स्कोप पेटीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. जेलचे दाणे रंग बदलतात, तेव्हा मंद तव्यावर भाजले की परत कामाला येतात. साधा आर्द्रतामापक मिळतो. तो डब्यात टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला की झालं. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. ती सोडा. तांदळाची पूड रिंगांच्या फटीत जाते.

चांगल्या स्कोपात नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून रबरी कड्यांनी तोंडं बंद केलेली असतात. रबर दहा-बारा वर्षांत कडक होतं आणि बाहेरची हवा आत जायला लागते. कुळागरवाले, तुमचं तेच झालंय. पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला असेल तर बरी बातमी. समोरची अडकण रिंग खास पान्याने फिरवून भिंग बाहेर काढता येतं. बुरशी नवी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघून जाते. जुनी असेल तर तिने भिंगावरचा लेप खाल्लेला असतो, डाग राहतो, पण चित्र बऱ्याच अंशी परत मिळतं. मधल्या, पट बदलणाऱ्या भिंगांपर्यंत पोचली असेल तर मात्र मी हात लावत नाही.

एक गोष्ट सुचवून ठेवते. पुढचं भिंग काढायचंच आहे, तर परत बसवताना ते थोडं फिरवून पॅरालॅक्स ४५ वरून २५ मीटरवर आणता येतो. मग १२ मीटरवर तुमची जास्तीत जास्त चूक आठेक मिलिमीटर राहील आणि ३५ वर साडेसहाच्या आत. सध्या १२ वर ती पावणेबाराच्या आसपास आहे. हे घरी करू नका, निदान जूनमध्ये तरी. भिंग उघडलं की आतला नायट्रोजन गेला आणि आपली ओली हवा आत बसली. माझ्याकडे कोरडं कपाट आहे आणि कोरडा नायट्रोजन भरायची सोय आहे.

कुळागरवाला | १७ जून, रात्री ११:०४

ताई, देव बरें करूं. रविवारी घेऊन येतो.

सावर्डेचो | १८ जून, सकाळी ७:१२

माझी गॅसवाली आहे, म्हणून मला हे काही कळलं नव्हतं. पेटीतून स्कोप आज बाहेर काढला.

बेळगावचा_वाणी | २० जून, दुपारी १२:४०

उशिरा वाचलं. माझ्या कपाटात एक २-७×३२ पडून आहे, निकॉनचा. २०१८ मध्ये घेतलेला, पॉइंट टू टूवर एक उन्हाळा वापरला, मग रायफल विकली. पेटी नाही, रिंगा आहेत, पण त्या रुंद पट्टीच्या. तुमच्या बंदुकीला ११ मिलिमीटरची खाच असेल तर रिंगा वेगळ्या लागतील. काच स्वच्छ आहे, उजेडाकडे धरून बघितलाय. मी तेव्हा दिले त्याच्या निम्म्यात देतो. विकायला काढला असता तर आज जास्तही आले असते, पण मुलीबरोबर नेम धरणाऱ्या माणसाकडे गेलेला बरा.

म्हापशेंकार | २० जून, दुपारी १२:५५

कुळागरवाले, घ्या. विचार करू नका. तो आता होत नाही. फक्त एक, तो रिमफायरचा आहे, स्प्रिंगवालीच्या उलट्या झटक्याची खात्री निकॉनने दिलेली नव्हती. तो गॅसवालीवर किंवा हलक्या बंदुकीवर ठेवा, जुना जपानी स्प्रिंगवालीवर राहू दे.

कुळागरवाला | २० जून, दुपारी २:३०

वाणी भाऊ, काय बोलू. येत्या शनिवारी चोर्ल्यातून येतो घ्यायला, घाटात पाऊस किती आहे ते बघून.

कुळागरवाला | १९ ऑगस्ट, रात्री ८:१५

दोन महिने झाले, हिशेब द्यायला आलोय.

जुना स्कोप भिंगवाली ताईंनी दहा दिवसांत दिला. बुरशी पुढच्या भिंगापुरतीच होती. खालच्या कडेला नखाएवढा डाग राहिलाय, नेम धरताना दिसत नाही. पॅरालॅक्स २५ मीटरवर आणून दिला, कड्या बदलल्या, नायट्रोजन भरला. मी माउंटच्या मागे खिळीची अटक लावली, स्कोप मागे सरकू नये म्हणून. श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा २५ मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे सहा गट मारले. सगळ्यात चांगला गट एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला, सगळ्यात वाईट पाच सेंटीमीटरचा, तोही माझ्या घाईने. १२ मीटरवर डोळा मुद्दाम कडेला नेऊन बघितला. रेटिकल पूर्वीइतकं पळत नाही.

बेळगावचा निकॉन मुलीच्या बंदुकीवर आहे. गॅसवाली, कमी जोराची, परवान्याच्या मर्यादेच्या बरीच आत. पीपवाले, पहिले तीन आठवडे तिला पीपवरच ठेवलं. तुमचं खरं ठरलं, आता ती घोडा हिसकत नाही. स्कोप ३ वर ठेवते, ७ वर जातच नाही. काल म्हणाली, "बाबा, ७ वर माझा श्वास दिसतो."

दोन्ही स्कोप आता स्वयंपाकघरातल्या फडताळात, घट्ट डब्यात. काटा ४६ वर आहे, बाहेर ९१. सावर्डेचो बाब, ११ मिलिमीटरच्या कमी उंचीच्या रिंगा मला पुण्याहून मिळाल्या, एक जोड जास्तीची आहे. चवथीला सावर्ड्याला येतोच, घेऊन येईन.